सात अणूंचं कथील

रायपूरहून दक्षिणेला निघालेला रस्ता धमतरी, कांकेर आणि केशकाळचा घाट ओलांडत जगदलपूरला पोहोचतो. तिथून पुढे, दंतेवाडा आणि सुकमा जिल्ह्यांत, कथील सापडतं. भारतात कथलाचं खनिज काढणारं राज्य छत्तीसगड हे एकच. तोंगपाल, कटेकल्याण या पट्ट्यात खडकांतून सुटलेले कॅसिटराईटचे काळपट, वजनदार खडे ओढ्यांच्या रेतीत येऊन पडतात. आदिवासी कुटुंबं ती रेती पाण्यात धुऊन खडे वेगळे करतात आणि छत्तीसगड मिनरल डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन ते विकत घेतं. भूवैज्ञानिकांनी १९७०च्या दशकात या साठ्यांचा माग काढला तेव्हा हा बस्तरचा भाग मध्य प्रदेशात होता. मराठी घरांतल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना पिढ्यानपिढ्या ज्याची कल्हई लागली, तोच हा धातू.

या धातूचा कुठलाही कण घेतला तरी त्यात दहा प्रकारचे अणू मिसळलेले असतात. सगळ्यांच्या केंद्रात प्रोटॉन पन्नासच. फरक न्यूट्रॉनांच्या संख्येत. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून सर्वांत हलक्या अणूत ११२ कण असतात, सर्वांत जड अणूत १२४. कथील-१२० सर्वांत मुबलक, एकूण धातूच्या जवळपास एक तृतीयांश. कथील-११२ शंभरात जेमतेम एक. दहा स्थिर समस्थानिक दुसऱ्या कुठल्याही मूलद्रव्याला नाहीत. निसर्गाने कथलावर ही मेहेरबानी का केली, हा प्रश्न १९४८ मध्ये मारिया गोपर्ट मेयर या जर्मनीत जन्मलेल्या, अमेरिकेत काम करणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञ स्त्रीच्या टिपणांत फार महत्त्वाचा ठरला. अणुकेंद्रातले प्रोटॉन आणि न्यूट्रॉन थरांत बसतात, आणि एखादा थर पूर्ण भरला की केंद्र विशेष घट्ट होतं. २, ८, २०, २८, ५०, ८२ आणि न्यूट्रॉनांसाठी १२६ या त्या भरलेल्या थरांच्या संख्या. कथलाचे पन्नास प्रोटॉन असाच एक थर पूर्ण करतात. पुढच्याच वर्षी मेयर यांनी आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे जर्मनीत हान्स येन्सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या थरांमागचं कारण मांडलं. १९६३ च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मेयर आणि येन्सेन यांना मिळून मिळाला.

या सिद्धान्तातून एक प्रश्न आपोआप उभा राहतो. प्रोटॉन पन्नास आणि न्यूट्रॉनही पन्नासच असतील तर? दोन्ही थर एकाच वेळी पूर्ण, दोन्ही बाजू सारख्या. हेलियम-४, ऑक्सिजन-१६ आणि कॅल्शियम-४० ही अशीच केंद्रं, आणि ती टिकाऊ आहेत. निकेल-५६ सहा दिवसांत निम्मं उरतं. त्यापुढचा मान कथील-१०० चा, आणि या रांगेतला तो शेवटचा. पन्नास धन विद्युतभार एकमेकांना ढकलत असतात. त्यांना बांधून ठेवायला पन्नास न्यूट्रॉन कसेबसे पुरतात. ८२ अधिक ८२ असं केंद्र तर जुळूनच येत नाही. बस्तरच्या रेतीतल्या सर्वांत हलक्या कथलापेक्षाही कथील-१०० मध्ये बारा न्यूट्रॉन कमी. पृथ्वीवर ते सापडणं शक्य नव्हतं. ते घडवावं लागणार होतं. मेयर यांच्या टिपणापासून ते घडेपर्यंत ४६ वर्षं गेली.

न्यूट्रॉनांच्या मानाने प्रोटॉन जास्त झालेली केंद्रं माणसाने पहिल्यांदा बनवली ती पॅरिसमध्ये, जानेवारी १९३४ मध्ये. इरेन आणि फ्रेडरिक जोलिओ-क्युरी यांनी पोलोनियमच्या अल्फा कणांचा मारा अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर केला. पोलोनियम दूर नेलं तरी पत्र्यातून पॉझिट्रॉन निघतच राहिले आणि काही मिनिटांत ओसरले. पत्र्यात फॉस्फरस-३० तयार झालं होतं: पंधरा प्रोटॉन, पंधरा न्यूट्रॉन. निसर्गातल्या फॉस्फरसपेक्षा एक न्यूट्रॉन कमी. तो तोल सावरायला एक प्रोटॉन न्यूट्रॉन बनतो आणि पॉझिट्रॉन बाहेर टाकतो. रायपूरच्या एम्समध्ये पेट-सीटी तपासणीसाठी रुग्णाला जे औषध टोचतात त्यातलं फ्लोरिन-१८ याच जातीचं, दर ११० मिनिटांनी निम्मं होणारं. कृत्रिम किरणोत्साराची ही शाखा इतकी सरावाची झाली आहे की तिचा जन्म प्रोटॉनांच्या अतिरेकातून झाला हे सहसा आठवत नाही.

पण न्यूट्रॉन कमी करतच गेलं तर? एक वेळ अशी यायला हवी की केंद्राला शेवटचा प्रोटॉन धरूनच ठेवता येणार नाही आणि तो सरळ बाहेर पडेल. अल्फा, बीटा, गॅमा यांच्या पलीकडचा हा किरणोत्सार आहे. त्याची शंका फार जुनी. १९१५ मध्ये मँचेस्टरला अर्नेस्ट मार्सडेन आणि लँट्सबेरी यांना किरणोत्सारी उगमाजवळ हायड्रोजनच्या केंद्रांसारख्या चमका दिसल्या, आणि हे कण किरणोत्सारी अणूंतूनच निघत असावेत असा जोरदार संशय त्यांनी नोंदवला. मार्सडेन न्यूझीलंडला प्राध्यापक म्हणून गेले. मागे उरलेलं कोडं रदरफोर्ड यांनी युद्धाच्या वर्षांत हाती घेतलं आणि १९१९ मध्ये दाखवलं की अल्फा कण हवेतल्या नायट्रोजनला धडकून त्यातून हे कण बाहेर काढतात. प्रोटॉनचा शोध लागला. प्रोटॉन आपणहून सोडणारं केंद्र मात्र सापडलं नाही.

त्याचं गणित पक्कं मांडलं मॉस्कोच्या विताली गोल्डान्स्की यांनी, १९६० मध्ये. त्यांचा निबंध आजही वाचावा असा आहे. प्रोटॉन बाहेर पडण्याइतकी ऊर्जा असली तरी तो लगेच सुटत नाही. विद्युतभारामुळे केंद्राभोवती एक अडथळा तयार झालेला असतो आणि पुंज-भौतिकीच्या नियमाने तो पार करायला प्रोटॉनला वेळ लागतो. ऊर्जा थोडी कमी पडली तर हा वेळ इतका वाढतो की त्याआधीच केंद्र पॉझिट्रॉन टाकून मोकळं होतं; थोडी जास्त झाली तर सगळं क्षणार्धात आटोपतं आणि मोजायला काही उरत नाही. मोजता येईल अशी फट अगदी अरुंद. गोल्डान्स्की यांनी आणखी एक गोष्ट ओळखली. प्रोटॉनांची संख्या सम असेल तर ते जोड्यांनी बांधलेले असतात. अशा काही केंद्रांतून एकटा प्रोटॉन निघूच शकणार नाही, पण दोघे एकदम निघू शकतील. दोन प्रोटॉनांचा किरणोत्सार कागदावर असा अवतरला.

पुढची दहा वर्षं अर्धवट यशाची होती. सोव्हिएत संघातल्या दुब्नामध्ये कार्नाउखोव आणि त्यांचे सहकारी, तर मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात रॉबर्ट बेल यांचा गट १९६३ च्या सुमारास प्रोटॉन सोडणाऱ्या केंद्रांपर्यंत पोहोचले. मॅकगिलच्या सायक्लोट्रॉनवर सिलिकॉन-२५ मधून प्रोटॉन मिळाले, पण ते उशिरा निघणारे: आधी पॉझिट्रॉन जातो, मग उत्तेजित झालेलं केंद्र प्रोटॉन टाकतं. मूळ केंद्रातून थेट प्रोटॉन सुटतो हे दिसायला १९७० उजाडलं. इंग्लंडमधल्या हारवेल इथे के. पी. जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी कॅल्शियमवर ऑक्सिजनचा झोत टाकला. कोबाल्ट-५३ च्या एका उत्तेजित, पण सेकंदाचा चौथा हिस्सा टिकणाऱ्या अवस्थेतून प्रोटॉन निघताना सापडले. त्यात सहभागी असलेल्या जोसेफ चर्नी यांच्या बर्कलेच्या गटाने वेगळ्या अभिक्रियेने त्याची खातरजमा केली आणि दोन्ही निबंध एकाच अंकात लागोपाठ छापले गेले. त्या अवस्थेतल्या शंभरातली एक-दोन केंद्रंच प्रोटॉन सोडतात. शिवाय ही उत्तेजित अवस्था होती, केंद्राची मूळ स्थिती नव्हे. शोध खरा होता, पण गोल्डान्स्की यांनी वर्तवलेली घटना अजून पुरती हाती लागली नव्हती.

ती हाती लागली जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या जीएसआय प्रयोगशाळेत, १९८१ मध्ये. ही प्रयोगशाळा तेव्हा वेगळ्याच कारणाने गाजत होती. पेटर आर्मब्रुस्टर, गॉटफ्रीड म्युन्झेनबर्ग आणि सिगुर्ड हॉफमन यांचा गट तिथे आवर्त सारणीच्या शेवटाला नवी मूलद्रव्यं जोडत होता. १०७ क्रमांकाचं मूलद्रव्य त्यांना त्याच वर्षी मिळालं. त्यांचं मुख्य साधन म्हणजे ‘शिप’ नावाचं विलगक यंत्र. जड आयनांचा झोत पातळ पत्र्यावर आदळला की लाखो कोटी आयन काही न करता सरळ पुढे जातात, आणि एखाददुसरा पत्र्यातल्या केंद्रात विरघळून नवं केंद्र बनवतो. ते नवं केंद्र झोतापेक्षा सावकाश चालतं. विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांच्या जोडीने शिप वेगाप्रमाणे ही छाननी करतं. सुपात पाखडताना फोल उडून जावं आणि दाणा मागे राहावा, तसा झोत बाजूला पडतो आणि हवं ते केंद्र काही मायक्रोसेकंदांत सिलिकॉनच्या शोधकात रुतून बसतं. मग फक्त वाट पाहायची. ज्या जागी केंद्र रुतलं त्याच जागी पुढे काय घडतं, ते शोधक नोंदवतो.

हॉफमन यांच्या गटाने रुथेनियम-९६ वर निकेल-५८ चा मारा केला. दोन्ही एकजीव झाले की हाफ्नियम-१५४ बनतं. त्यातून एक प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन उडाले की ल्युटेशियम-१५१ उरतं. निसर्गातल्या नेहमीच्या ल्युटेशियमपेक्षा त्यात २४ न्यूट्रॉन कमी. शोधकात १.२३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टवर एक स्वच्छ रेषा उमटली, सेकंदाच्या बाराव्या हिश्शात निम्मी होणारी. इतक्या कमी ऊर्जेचा अल्फा कण ल्युटेशियमसारख्या केंद्रातून सुटायचा तर कल्पनेपलीकडचा काळ लागला असता. हा प्रोटॉनच होता, केंद्राच्या मूळ स्थितीतून थेट सुटलेला. त्याच प्रयोगशाळेत क्लेपर यांच्या गटाने वस्तुमानानुसार आयन वेगळे करून थुलियम-१४७ चा प्रोटॉन पकडला. दोन्ही निबंध १९८२ मध्ये एकाच अंकात प्रसिद्ध झाले.

या मोजमापाचं मोल केवळ नव्या किरणोत्सारापुरतं नव्हतं. प्रोटॉन केंद्रात ज्या कक्षेत फिरत असतो तिचा कोनीय संवेग जितका मोठा, तितका बाहेर पडायचा अडथळा उंच. त्यामुळे प्रोटॉनची ऊर्जा आणि अर्धायुकाल हाती आले की तो कुठल्या कक्षेत बसला होता ते कळतं. ल्युटेशियमच्या प्रोटॉनने पाच एककांच्या कोनीय संवेगाची कक्षा सांगितली. दुसऱ्या कुठल्याही उपायाने ज्यांच्यात डोकावता येत नव्हतं, अशा केंद्रांची अंतर्रचना त्यांच्या ऱ्हासातून वाचता येऊ लागली. नव्वदीच्या दशकात ब्रिटनमधल्या डेअर्सबरी इथे एडिंबरोच्या गटाने बारीक पट्ट्यांचे सिलिकॉन शोधक वापरले आणि मग अमेरिकेतल्या आर्गॉन व ओक रिज या प्रयोगशाळांतल्या यंत्रांनी असे प्रोटॉन-उत्सर्जक धडाधड शोधले. १९९८ मध्ये आर्गॉनला युरोपियम-१३१ आणि होल्मियम-१४१ मिळाली. त्यांचे अर्धायुकाल केंद्र गोल धरून जुळेचनात. लांबट धरल्यावर जुळले.

यातला एक शोध कथलाच्या गोष्टीत विशेष जवळचा आहे. १९८४ मध्ये म्युनिकला थॉमस फेस्टरमान, पाउल कीन्ले आणि सहकाऱ्यांनी आयोडिन-१०९ आणि सिझियम-११३ प्रोटॉन सोडतात हे दाखवलं. आयोडिनमध्ये ५३ प्रोटॉन, सिझियममध्ये ५५. म्हणजे ही दोन्ही कथलाच्या अगदी डोक्यावरची केंद्रं. त्याच परिसरात १९६५ मध्ये बर्कलेला मॅकफार्लेन आणि सिवोला यांना टेल्युरियमची हलकी समस्थानिकं अल्फा कण सोडताना दिसली होती. इतक्या मध्यम आकाराच्या केंद्रांकडून ते अपेक्षित नसतं. पण अल्फा सोडून ती कथलाच्या भरलेल्या थराकडे सरकतात म्हणून ते घडतं. सगळ्या खुणा एकाच दिशेला बोट दाखवत होत्या. म्युनिकच्या गटाने कथील-१०० चा ध्यास घेतला, आणि त्यातली काही माणसं पुढे जवळपास तीस वर्षं त्यालाच चिकटून राहिली. विज्ञानाच्या इतिहासात एका रात्रीत लागलेल्या शोधांच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात; या मंडळींची चिकाटी त्यांच्या तोडीची आहे.

कथील-१०० साठी दोन केंद्रं एकजीव करण्याचा जुना मार्ग फारच तोकडा पडत होता. नवा मार्ग होता मोडतोडीचा: मोठं केंद्र प्रचंड वेगाने आदळायचं आणि त्याचे जे तुकडे उडतील त्यांतून हवा तो निवडायचा. डार्मश्टाटमध्ये म्युनिकच्या गटाने झेनॉन-१२४ चा झोत प्रकाशाच्या वेगाच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक वेगाने बेरिलियमवर सोडला. झेनॉनमध्ये ५४ प्रोटॉन आणि ७० न्यूट्रॉन. त्यातून नेमके चार प्रोटॉन आणि वीस न्यूट्रॉन गळून पडावेत आणि बाकीचं केंद्र शाबूत राहावं, अशी ती अपेक्षा. बहुतेक धडकांत भलतंच काही निघतं. जो तुकडा निघाला तो सत्तर मीटरहून लांब चुंबकांच्या मार्गिकेतून सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाहूनही कमी वेळात पार जातो. तेवढ्यात त्याचा मार्ग किती वळला, त्याला किती वेळ लागला आणि वाटेत त्याने किती ऊर्जा गमावली, हे तिन्ही मोजायचं. त्यांवरून त्याचं वस्तुमान आणि विद्युतभार ठरतो. १९९४ मध्ये श्नायडर आणि सहकाऱ्यांनी आपला निष्कर्ष छापला. जवळपास पावणेतीनशे तासांच्या झोतात कथील-१०० ची सात केंद्रं.

त्याच वर्षी फ्रान्समध्ये काँ शहरातल्या गॅनिल प्रयोगशाळेत मारेक लेवितोविच आणि सहकाऱ्यांनी दुसरी वाट धरली. त्यांनी झोतच कथलाचा घेतला: कथील-११२, तेच शंभरात एक सापडणारं, रेतीतल्या कथलातलं सर्वांत हलकं. ते निकेलच्या पत्र्यावर आदळवून त्यातले बारा न्यूट्रॉन झडावेत आणि पन्नास प्रोटॉन जागचे हलू नयेत, अशी योजना होती. गॅनिलचा झोत डार्मश्टाटच्या मानाने सावकाश. त्यामुळे काही तुकड्यांना एखाददुसरा इलेक्ट्रॉन चिकटून राहतो आणि ओळख पटवताना गफलत होऊ शकते. ती टाळायला त्यांनी प्रत्येक तुकड्याची एकूण ऊर्जाही मोजली. अकरा केंद्रं मिळाली. दोन्ही प्रयोगशाळा मिळून अठरा. दोन वर्षांनी गॅनिलने आपल्या सायक्लोट्रॉनचाच उपयोग करून कथील-१०० चं वस्तुमानही मोजलं. चुकीची मर्यादा मोठी होती, जवळपास एक दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट. तरी ते पहिलं मोजमाप होतं.

हे केंद्र आहे एवढं कळलं. ते मरतं कसं, हे कळायला आणखी अठरा वर्षं लागली, आणि खरा रस तिथेच आहे. कथील-१०० प्रोटॉन सोडत नाही. ते पॉझिट्रॉन टाकून किंवा स्वतःचाच एक इलेक्ट्रॉन गिळून इंडियम-१०० होतं. बीटा ऱ्हासाच्या ज्या प्रकारात कणाची फिरकी उलटते त्याला गॅमो आणि टेलर यांची नावं दिलेली आहेत. बहुतेक केंद्रांत हा ऱ्हास अनेक वाटांत विखुरतो आणि हिशोब गुंतागुंतीचा होतो. कथील-१०० मध्ये एका विशिष्ट कक्षेत दहा प्रोटॉन पूर्ण भरलेले आणि न्यूट्रॉनांची तिची जोडीदार कक्षा संपूर्ण रिकामी. दहांपैकी कोणीही एक प्रोटॉन फिरकी उलटवून तिथे न्यूट्रॉन म्हणून जाऊन बसू शकतो, आणि जवळजवळ सगळा ऱ्हास इंडियमच्या एकाच अवस्थेकडे जातो. इतका मोकळा रस्ता दुसऱ्या कुठल्याही ज्ञात केंद्राला नाही.

२००८ मध्ये म्युनिकचा गट पुन्हा डार्मश्टाटला गेला. या खेपेला सिलिकॉनच्या शोधकाभोवती जर्मेनियमचे १०५ स्फटिक मांडलेले होते, ऱ्हासानंतर निघणारे गॅमा किरण टिपण्यासाठी. कथील-१०० ची २५९ केंद्रं मिळाली. हा क्रिस्टोफ हिंके यांच्या डॉक्टरेटचा विषय. फेस्टरमान त्या गटाच्या अग्रभागी होतेच. निष्कर्ष २०१२ मध्ये ‘नेचर’मध्ये आला: अर्धायुकाल १.१६ सेकंद, गॅमा किरणांच्या पाच रेषा, आणि ऱ्हासाला लागणाऱ्या वेळाचं जे प्रमाणित माप अणुभौतिकीत वापरतात ते तोवरच्या सर्व केंद्रांत सर्वांत लहान. म्हणजे गॅमो-टेलर ऱ्हास इतक्या सहजतेने कुठेच घडत नाही. अगदी साध्या गणिताप्रमाणे त्याची ताकद १७.८ यायला हवी होती. मोजून आली ९.१.

ही तूट जुनी आहे. बीटा ऱ्हासाची मोजलेली ताकद साध्या गणितापेक्षा कमी भरते, हे कोडं पन्नास वर्षं भौतिकीला छळत होतं. २०१९ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने प्रोटॉन-न्यूट्रॉनांमधल्या मूळ बलांपासून सुरुवात करून हिशोब केला. दोन कण मिळून बीटा ऱ्हासात जो वाटा उचलतात तो जमेस धरला की तूट बरीचशी भरून निघते, असं त्यांना दिसलं. त्यांच्या हिशोबातलं सर्वांत जड केंद्र कथील-१०० होतं. दुर्दैव असं की त्याच वर्षी प्रयोगाच्या आकड्यालाच धक्का बसला. जपानच्या रिकेन संस्थेत डॅनियल लुबोस आणि सहकाऱ्यांनी दोन हजारांहून अधिक कथील-१०० केंद्रं तपासली. अर्धायुकाल जुन्याशी तंतोतंत जुळला. ऱ्हासाची ऊर्जा मात्र जास्त निघाली, आणि त्यामुळे ताकद ४.४, म्हणजे आधीच्या निम्मी. २०२१ मध्ये सर्नच्या आयसोल्डे प्रयोगशाळेत इंडियम-१०० चं वस्तुमान आधीपेक्षा जवळपास नव्वदपट अचूक मोजलं गेलं. त्याला दोन्ही ऊर्जा जोडून पाहिल्या तर कथील-१०० ची दोन वेगवेगळी वस्तुमानं निघतात. विसंगती मिटली तर नाहीच, ती अधिक ठळक झाली.

मधल्या काळात गोल्डान्स्की यांचं दुसरं भाकीतही खरं ठरलं. लोह-४५ मध्ये प्रोटॉन २६ आणि न्यूट्रॉन अवघे १९. २००२ मध्ये डार्मश्टाटला मारेक फ्युट्सनर यांच्या आणि गॅनिलला बर्ट्राम ब्लांक व जेरोम जोव्हिनाझो यांच्या गटाला त्यातून दोन प्रोटॉन एकदम निघताना दिसले. गॅनिलला २२ केंद्रं मिळाली, त्यांतल्या बारांनी ती खूण दिली. २००७ मध्ये वॉर्सा विद्यापीठाच्या गटाने अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात वायूने भरलेल्या कक्षात कॅमेऱ्याने त्या दोन प्रोटॉनांच्या रेघांचे फोटोच घेतले. गोल्डान्स्की २००१ मध्ये वारले होते. आणखी एक वर्ष त्यांना मिळायला हवं होतं.

भारतात ऱ्हासाचा हा अभ्यास मुंबईत रुजला, आणि त्याचा एक धागा नागपूरकडून येतो. १९५६ पर्यंत रायपूर ज्या राज्यात होतं त्याची राजधानी नागपूर होती. तिथल्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये माणकाच्या प्रकाशाचा अभ्यास करणारे बी. व्ही. ठोसर पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले आणि बीटा-गॅमा वर्णपटांचं काम करणारा गट त्यांनी तिथे उभा केला. किरणोत्सारी केंद्रातून निघणाऱ्या किरणांवरून त्याची अंतर्रचना ओळखायची, हेच या गटाचं काम. पुढे १९८८ च्या अखेरीस कुलाब्याला पेलेट्रॉन त्वरक सुरू झाला. दिल्लीच्या त्वरक केंद्रात ‘हिरा’ नावाचं विलगक यंत्र उभं राहिलं, त्याची मांडणी आर्गॉनच्या यंत्राच्याच कुळातली, आणि त्यावर बेरिलियम-७ चा किरणोत्सारी झोत तयार झाला. कोलकात्याला ऑक्सिजन-१४ चा झोत मिळाला, ७१ सेकंदांत निम्मं होणाऱ्या केंद्रांचा. छत्तीसगडमध्ये बिलासपूरच्या गुरू घासीदास विश्वविद्यालयात तीस लाख व्होल्टचा पेलेट्रॉन आहे. कथील-१०० च्या वाटेला लागणारी ऊर्जा त्यात नाही, पण आयनांचा झोत हाताळायचं शिक्षण राज्यातल्या मुलांना राज्यातच मिळू शकतं, आणि ही छोटी गोष्ट नाही.

मुंबईत कथलाचाच एक प्रयोग उभा राहतो आहे, दुसऱ्या टोकाचा. टाटा संस्थेतल्या वंदना नानल आणि सहकाऱ्यांनी हाती घेतलेल्या या प्रकल्पाचं नाव ‘टिन.टिन’. कथील-१२४ हे सर्वांत जड स्थिर कथील न्यूट्रिनो न सोडता एकदम दोन बीटा कण टाकतं का, हे त्यांना शोधायचं आहे. त्यासाठी कथील निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ थंड करून त्यातली ऊर्जेची सूक्ष्म चाहूल मोजायची. तसा ऱ्हास सापडला तर न्यूट्रिनो स्वतःचाच प्रतिकण आहे हे सिद्ध होईल. पण त्यावरून न्यूट्रिनोच्या वस्तुमानाचा अंदाज बांधताना बीटा ऱ्हासातली ती तूट किती धरायची, हा प्रश्न पुन्हा पुढे येतो. १२४ च्या मोजणीचा अर्थ लावताना १०० कडून आलेला आकडा मोलाचा आहे. आणि तो आकडा ९.१ की ४.४, यावर एकमत नाही.

डार्मश्टाटला आता फेअर हा नवा त्वरक-समूह उभा राहतो आहे. भारत त्याच्या संस्थापक सदस्यांपैकी एक असून कोलकात्याची बोस इन्स्टिट्यूट देशाच्या वतीने भागधारक आहे. चुंबकांना स्थिर वीज पुरवणारे कन्व्हर्टर हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने पुरवले आहेत. ज्या विलगकात १९९४ मध्ये सात केंद्रं सापडली त्याच्या जागी त्याहून मोठ्या मुखाचा, अधिक तुकडे गोळा करणारा विलगक येतो आहे, आणि त्याच्या शेवटी रुतलेल्या केंद्रांचा ऱ्हास मोजणाऱ्या गटांत भारतीय संशोधकही आहेत. कथील-१०० त्यांच्या यादीत वरच्या ओळींत आहे.